महापौरबाईंच्या हातातला एक टक्का

जॉय बेलमोंटे हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलं असेल तर ते प्लास्टिकमुळे. फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीच्या या महापौरांना २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान मिळाला. शाम्पू-साबणाच्या पुड्या विकत घेण्याऐवजी गिऱ्हाइकाने घरची बाटली न्यावी आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून हवं तेवढं भरून आणावं, अशी सोय त्यांनी शहरात सुरू केली. त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण नागपुरात मुलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांनी या बाईंकडे पाहावं ते दुसऱ्या कारणासाठी. त्यांच्या शहरात एखादं मूल रस्त्यावर सापडलं, घरात मार खाताना आढळलं किंवा चोरीत पकडलं गेलं, तर ते प्रकरण कायद्याने महापौरांच्या यंत्रणेकडे येतं. आपल्याकडे तेच काम पाच कचेऱ्यांत वाटलेलं आहे. नागपुरात 'मेयर'पेक्षा 'मेयो' या सरकारी रुग्णालयालाच लोक जास्त ओळखतात, ते काही उगाच नाही.

आधी बाईंबद्दल थोडं. पूर्ण नाव मारिया जोसेफिना तान्या गो बेलमोंटे, जन्म १५ मार्च १९७०. आई बेटी गो-बेलमोंटे पत्रकार, १९८६ साली निघालेल्या 'द फिलिपीन स्टार' या दैनिकाच्या संस्थापकांपैकी एक. वडील फेलिसियानो बेलमोंटे २००१ ते २०१० या काळात याच क्वेझॉन सिटीचे महापौर होते, पुढे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले. म्हणजे घराणेशाही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. फिलिपिन्सचं शहरी राजकारण बरंचसं घराण्यांचंच आहे. मुलीने मात्र शिकायला घेतली सामाजिक शास्त्रं, मग इंग्लंडात लेस्टरला संग्रहालयशास्त्र आणि परत येऊन पुरातत्त्व. २०१० ते २०१९ अशा सलग तीन वेळा त्या उपमहापौर होत्या, ३० जून २०१९ पासून महापौर आहेत. २०२२ आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून आल्या. तिथे महापौराची मुदत तीन वर्षांची आणि सलग तीनच वेळा, हे त्यांच्या १९८७ च्या संविधानातच लिहिलेलं आहे. त्यामुळे २०२८ नंतर त्यांना खुर्ची सोडावीच लागेल.

शहराच्या त्या पहिल्या महिला महापौर नव्हेत. अॅडेलिना रॉड्रिगेझ १९७६ ते १९८६ या काळात होत्या, तेही हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस यांच्या राजवटीत. गंमत अशी, की शेजारच्या राजधानीला, मनिलाला, पहिली महिला महापौर मिळायला २०२२ उजाडलं. त्या डॉ. हनी लाकुना. व्यवसायाने डॉक्टर, मग नगरसेविका, शहराच्या समाजकल्याण विभागाच्या प्रमुख, उपमहापौर आणि शेवटी महापौर. मे २०२५ च्या निवडणुकीत त्या हरल्या. ज्या देशात बायकांना मताचा हक्क हवा का, असं १९३७ साली बायकांनाच सार्वमतात विचारलं गेलं आणि किमान ३ लाख होकार लागत असताना ४,४७,७२५ पडले, तिथल्या राजधानीला एवढा वेळ लागला.

आता शहराचा आकार, कारण तो समजल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. २०२० च्या जनगणनेत क्वेझॉन सिटीची लोकसंख्या २९,६०,०४८. नागपूर महापालिका क्षेत्राची २०११ ची २४,०५,६६५. म्हणजे दोन्ही शहरं एकाच मापाची. फरक तुकड्यांचा. क्वेझॉन सिटीत १४२ बारांगाय आहेत. बारांगाय म्हणजे वस्ती पातळीवरचं निवडून आलेलं स्थानिक शासन, आपल्या ग्रामपंचायतीसारखं, पण शहरातही असलेलं. त्याचा प्रमुख निवडून येतो, त्याला स्वतःचा निधी असतो, कचेरी असते, 'तानोद' म्हणवणारे राखणदार असतात. सरासरी काढली तर एका बारांगायात २१ हजारांच्या आसपास माणसं. नागपुरात २०१७ ला ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक होते. एका प्रभागात ६३ हजारांवर लोकसंख्या, आणि प्रभागाला स्वतःची तिजोरी नाही. लहान मुलाच्या घरात काय चाललंय हे २१ हजारांच्या वस्तीत कुणाला तरी ठाऊक असतं. ६३ हजारांत पाठोपाठच्या दोन गल्ल्यांतल्या लोकांचीही एकमेकांशी ओळख नसते.

मुलांसाठीचे तिकडचे कायदे या बारांगायवरच उभे आहेत. १९६७ च्या कायद्याने प्रत्येक शहरात बालसंरक्षण परिषद आली. १० डिसेंबर १९७४ च्या बाल व युवा कल्याण संहितेने ती बारांगायपर्यंत नेली. १९९० च्या कायद्याने प्रत्येक बारांगायात एक पाळणाघर सक्तीचं केलं. शहराच्या परिषदेचे अध्यक्ष महापौर. सभासदांत समाजकल्याण अधिकारी, आरोग्य अधिकारी, शाळाखात्याचा प्रमुख, पोलीस प्रमुख, अंदाजपत्रक अधिकारी, संस्थांचे प्रतिनिधी आणि मुलांचा एक प्रतिनिधी. अंदाजपत्रक अधिकाऱ्याला त्या टेबलावर बसवणं ही खरी हुशारी आहे. ठराव करणारे आणि पैसे सोडणारे एकाच खोलीत असले की 'तरतूद नाही' हे उत्तर द्यायला कुणाला दुसऱ्या इमारतीत जावं लागत नाही.

पैशाचं गणित २००६ च्या बालन्याय कायद्यात आहे. केंद्राकडून येणाऱ्या महसुली वाट्यातला १ टक्का शहराने, नगरपालिकेने आणि प्रत्येक बारांगायने मुलांच्या परिषदेसाठी ठेवायचाच. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण तो कायद्यात असल्यामुळे लेखापरीक्षक दरवर्षी विचारू शकतो. आपल्याकडेही महापालिकांनी अंदाजपत्रकातला ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवावा असं धोरण आहे. आकडा तिकडच्यापेक्षा मोठा दिसतो, पण त्यात 'महिला' आणि 'बाल' एकाच ओळीत येतात आणि ती ओळ शिलाई मशीन, ब्यूटी पार्लरचे वर्ग, मेळावे यांतच संपते. मुलांच्या नावाने वेगळा आकडा शोधायला गेलं की पान उलटत राहावं लागतं.

महापौर या शब्दानेही घोटाळा होतो. तिकडचा महापौर थेट निवडून येतो आणि प्रशासनाचा प्रमुख तोच असतो. समाजकल्याण कार्यालय त्याच्या हाताखाली, तिथल्या समाजसेविका शहराच्या पगारावर, आणि स्थानिक पोलिसांवर त्याची कामकाजापुरती देखरेख. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आपल्याकडे कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. महापौर सभेचे अध्यक्ष, मुदत अडीच वर्षं. त्यात नागपूरच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली ती संपलीच, २०२५ सरेपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा 'आपल्याकडे अशी महापौर का नाही' हा प्रश्न विचारून फारसं काही हाती लागत नाही. बेलमोंटेबाईंना उद्या सिव्हिल लाइन्सच्या महापालिकेत महापौर म्हणून आणून बसवलं, तरी एका सापडलेल्या पोट्ट्याला बालगृहात ठेवण्याच्या कागदावर सही करायचा अधिकार त्यांना नसेल.

उपमहापौर असतानाची एक गोष्ट मला त्यांच्या सगळ्या सन्मानांपेक्षा महत्त्वाची वाटते. तिकडे उपमहापौर नगर परिषदेचं पीठासीन पद सांभाळतो. २०१४ मध्ये या परिषदेने अठराखालच्या मुलांनी रात्री १० ते पहाटे ५ बाहेर राहू नये, असा संचारबंदीचा नियम केला. मनिला आणि नवोतास या शहरांचेही तसेच नियम होते. तरुणांची एक संघटना तिन्ही शहरांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ ऑगस्ट २०१७ ला निकाल लागला: मनिला आणि नवोतासचे नियम रद्द, क्वेझॉन सिटीचा कायम. कारण मसुद्यात होतं. क्वेझॉन सिटीच्या नियमात शाळा, काम, प्रार्थना, सामाजिक कार्यक्रम, तातडीची गरज अशा सवलती नीट लिहिल्या होत्या. मनिलाच्या नियमात मुलालाच शिक्षा होती आणि ती बालन्याय कायद्याच्या विरोधात जात होती. एकाच हेतूचे तीन नियम, पण टिकला तो ज्याच्या अपवादांवर मेहनत घेतली गेली तो. गणेशोत्सव-नवरात्रात आपल्याकडेही 'रात्री पोरं फिरतात, बंदी घाला' अशी मागणी उठते. ती उठवणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

क्वेझॉन सिटीची आणखी एक ओळख म्हणजे पायातास. कचऱ्याचा डोंगर. १० जुलै २००० ला पावसात तो ढासळला आणि दोनशेवर माणसं त्याखाली गेली. त्यातली पुष्कळशी कचरा वेचून जगणाऱ्या कुटुंबांतली. त्यानंतर २००१ मध्ये घनकचऱ्याचा नवा कायदा आला, तो डोंगर मात्र कायमचा बंद व्हायला २०१७ लागलं. आपली भांडेवाडीची कचराभूमी पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. कचरा वेचणारं मूल दिसलं की आपण त्याला 'बालमजूर' म्हणतो, पण त्याच्यावर कारवाई करायला मालक सापडत नाही, म्हणून कामगार खात्याचं कलम लागत नाही आणि फाइल सुरूच होत नाही. अशा मुलासाठी वाट बालन्याय कायद्यातून जाते. ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं आणि अशा मुलांचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीसमोर येऊ शकतं. गॅरेज-हॉटेलातल्या चौदाखालच्या मुलाचं तसं नाही. तिथे मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड आहे, आणि वसूल झालेला दंड मुलाच्या पुनर्वसन निधीत जातो. त्यात सरकारने प्रत्येक मुलामागे १५ हजारांची भर घालायची असते. ही १५ हजारांची भर मागायचीच राहून जाते, कारण मुलाला सोडवलं की बातमी होते आणि तिथेच विषय संपतो.

कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांबद्दल तिकडची एक तरतूद खास आहे. १५ वर्षं किंवा त्याखालच्या मुलावर गुन्हेगारी खटला चालत नाही. १५ ते १८ मधल्याला कृत्याची समज होती का, याचा पहिला अंदाज समाजसेविका घेते. पकडलेलं मूल पोलिसांनी ८ तासांच्या आत समाजकल्याण कार्यालयाच्या ताब्यात द्यायचं. आपल्याकडे मुलाला बालन्याय मंडळासमोर नेण्याची मुदत २४ तास. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या कनिष्ठ सभागृहाने ही वयोमर्यादा १२ वर आणण्याचं विधेयक मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. आपण २०१५ मध्ये १६ ते १८ च्या मुलांना निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढ न्यायालयाची वाट उघडून दिली. 'पोरं फार पुढे गेलीत हो' हा सूर दोन्हीकडे सारखाच. अशा मुलांसाठी शहरांनी चालवायच्या तिथल्या चोवीस तासांच्या घराला 'बहाय पाग-आसा' म्हणतात, आशेचं घर. त्यातला 'आसा' म्हणजे आपलाच 'आशा', संस्कृतातून समुद्रापार गेलेला. आपल्याकडे पाटणकर चौकातल्या त्याच प्रकारच्या जागेला 'निरीक्षणगृह' म्हणतात.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मात्र नव्हे. बालसंरक्षण परिषदा कागदावरच असणं, एक टक्का अखर्चित राहणं किंवा भलत्याच खात्यात जाणं, असे शेरे त्यांच्या लेखापरीक्षणात येत राहतात. तीन वर्षांची मुदतही खोडा घालते. पहिलं वर्ष माणसं बसवण्यात, तिसरं निवडणुकीत, मधल्या वर्षात काय होईल ते. आणि जिथे महापौराला मुलांमध्ये रस नाही, तिथे सगळी यंत्रणा एकाच हाताखाली असल्यामुळे सगळीच थंड पडते. आपल्या विखुरलेल्या व्यवस्थेत निदान एक कचेरी झोपली तर दुसरी उघडी असते.

ती कुठली उघडी असते, तेच आता पाहू.

समजा, संध्याकाळी सातला नागपूर स्टेशनवर आठ-नऊ वर्षांचं एकटं मूल दिसलं. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ते बंगाली, उडिया, तेलुगू, छत्तीसगढी यांतलं काहीही बोलत असेल. आधी १०९८ वर फोन. ही बालसाहाय्य सेवा २०२३ पासून महिला व बालविकास विभागाकडे आली आणि ११२ ला जोडली गेली आहे. फोनवर सांगायचं ते एवढंच: फलाट क्रमांक, कुठल्या पुलाजवळ, मूल मुलगा की मुलगी, अंदाजे वय, कपड्यांचा रंग, बोलतं ती भाषा, अंगावर जखम आहे का, सोबत कुणी आहे का. फोनची वेळ आणि पलीकडच्या माणसाचं नाव कागदावर लिहून ठेवायचं. पुढे 'मुलाला समितीसमोर नेण्याचे २४ तास कधी सुरू झाले' असा वाद झाला तर हाच कागद कामी येतो. तोवर रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीपर्यंत मुलासोबत जायचं.

मुलाला विचारायचे प्रश्न चारच: नाव काय, भूक लागलीय का, कुठे दुखतंय का, कुणाला फोन करायचा आहे का. 'घरून का पळालास' हे विचारायचं नाही. घोळका जमलेला असतो, मूल घाबरून पहिलं सुचेल ते सांगतं, ती गोष्ट नोंदीत जाते आणि मग पुढे तीच खोडून काढण्यात दोन आठवडे जातात.

दोन चुका हमखास होतात. पहिली, मुलाला 'आजची रात्र' घरी नेणं. मन चांगलं असतं, पण सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत द्यायची कायद्याने सक्ती आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड होऊ शकतो. दुसरी, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणं. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, दंड २ लाखांपर्यंत. आणि दंडापेक्षा मोठी अडचण म्हणजे तो फोटो पाहून 'आमचंच आहे' म्हणत येणारे. मूल ज्या माणसाला भिऊन पळालं, तोही त्यात असू शकतो. पालकांनी स्वतःच्या हरवलेल्या मुलाचा शोध घेणं ही वेगळी बाब आहे. तिथे पोलिसांनी केवळ 'मिसिंग' लिहून न थांबता अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितलं आहे. ठाण्यात 'एक-दोन दिवस वाट पाहा, नातेवाइकांकडे गेला असेल' असं ऐकू आलं तर हा आदेश तोंडपाठ असावा.

इथून पुढे मूल २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीसमोर जायला हवं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. महिन्यात किमान २० दिवस बैठक. रविवार आला, सण आला, समिती बसलेली नाही, म्हणून मुलाला ठाण्यात ठेवण्याचा प्रकार चालत नाही. समितीच्या एकट्या सदस्यासमोरही मूल नेता येतं आणि तो सदस्य त्याला बालगृहात पाठवू शकतो. हे कलम बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सोबत न्यायचे कागद: ठाण्याच्या डायरीतल्या नोंदीची प्रत, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि नमुना १७, म्हणजे मूल समितीसमोर हजर करतानाचा अहवाल. नमुना १७ मध्ये 'मूल कुठे सापडले' या रकान्यात नुसतं 'नागपूर' लिहिलेलं असतं. तिथे फलाट, गाडी, वेळ असं सगळं असेल तर घरचा पत्ता शोधणाऱ्याचं अर्धं काम होतं.

वयाचा घोळ सगळीकडे. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मधला क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. आधारवरची तारीख या क्रमात नाही. तरी पहिल्यांदा मागतात ते आधारच. दिसायलाच लहान असलेल्या मुलाला समिती पाहूनही ठरवू शकते. सहा वर्षांच्या पोराचा एक्स-रे काढायला रांगेत उभं राहण्याची गरज नसते.

त्यानंतर सामाजिक तपासणी अहवाल, मुदत १५ दिवस. व्यवस्था मोडते ती याच ठिकाणी. मूल मध्य प्रदेशातलं किंवा तेलंगणातलं असेल तर अहवाल तिकडच्या जिल्ह्याने करायचा असतो. पत्र जातं, स्मरणपत्र जातं, उत्तर येत नाही. तेवढ्यात बाप येतो, रडतो, सही करतो आणि मूल घेऊन जातो. घर न पाहताच परत पाठवलेलं मूल दोन महिन्यांनी दुसऱ्या स्टेशनवर सापडतं. घर पाहणं म्हणजे भिंती पाहणं नव्हे. घरी कोण-कोण राहतं, दारू आहे का, शाळेत नाव आहे का, मुलाला कुणाची भीती आहे, शेजारी काय सांगतात, आणि मूल एकटं असताना काय म्हणतं, हे लिहिलेलं हवं.

घर बरं आहे, नुसतीच गरिबी आहे, असं निघालं तर मुलाला संस्थेत ठेवणं चुकीचंच. तिथे पैशाची मदत जोडून द्यायची. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात महिना ४,००० रुपये. दुसरीसाठी उत्पन्नाची अट शहरात वर्षाला ९६ हजार, गावात ७२ हजार. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. आईबापांपैकी कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, बँक पासबुक. अर्ज अडकतो तो क्वचितच धोरणामुळे. आधारवर आडनाव एक आणि शाळेत दुसरं, उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला, बँक खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं, ही खरी कारणं. अर्ज भरण्याआधी खात्यात शंभर रुपये टाकून एकदा काढून पाहावेत, इतकं साधं आहे ते.

नवजात बाळ सापडलं तर क्रम बदलतो. आधी रुग्णालय, मेडिकल, मेयो किंवा डागा, जे जवळ असेल ते, मग १०९८ आणि पोलीस. आईलाच बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ती समितीसमोर रीतसर बाळ सोपवू शकते आणि तिला निर्णय बदलायला दोन महिने मिळतात. उकिरड्याची वेळ येऊ नये म्हणूनच हे कलम आहे, पण ते पोहोचायला हवं प्रसूतिगृहातल्या परिचारिकेपर्यंत. या बाबतीत नागपूरची परंपरा जुनी आहे. कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ १९२१ साली सुरू केला, तोही अडलेल्या बायकांसाठीच. 'आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून परस्पर बाळ घेतलं' हे मात्र आता थेट गुन्ह्यात जातं. दत्तक फक्त केंद्रीय यंत्रणेच्या नोंदणीतून. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्याच वर्षी जानेवारीत फिलिपिन्सनेही दत्तकाचं काम न्यायालयाकडून प्रशासनाकडे नेलं. कारणही तेच: न्यायालयात बाळं मोठी होत होती.

महापालिकेच्या हातात मग उरतं काय? पुष्कळ. जन्मनोंदणी तिच्याकडे, २१ दिवसांत झाली तर बिनाशुल्क. मनपाच्या शाळा तिच्या, आणि दाखला नसला तरी शिक्षण हक्क कायद्याखाली मुलाला नाकारता येत नाही. नागरी आरोग्य केंद्रं तिची. फिलिपिन्समध्ये दर वर्षी जानेवारी ते मार्च पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन बारांगायनिहाय करतात आणि तो तक्ता महापौरांच्या परिषदेसमोर येतो. आपल्याकडे अंगणवाडीत वजन होतं, पण अंगणवाडी राज्याच्या विभागाची आणि आरोग्य केंद्र महापालिकेचं. मुलाच्या दंडाचा घेर पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ते सेविकेच्या वहीत लाल होतं, पण आरोग्य केंद्राच्या संगणकावर दिसेलच असं नाही. दोन वह्या महिन्यातून एकदा समोरासमोर ठेवल्या तरी पुष्कळ मुलं सापडतील. अंगणवाडीचा पूरक आहार वर्षाला ३०० दिवस, ५०० किलोकॅलरी. तिकडच्या २०१८ च्या शालेय आहार कायद्यात किमान १२० दिवसांची हमी आहे. कागदावर आपण पुढे आहोत.

नगरसेवकाकडेही काम आहे. शहरात प्रभाग पातळीवर बाल संरक्षण समिती अपेक्षित आहे आणि तिच्यात नगरसेवकाला मुख्य जागा आहे. ती बसते का, इतिवृत्त आहे का, हे विचारायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.

आणि महापौरांना करण्याजोगं एक काम तर तिकडून उचलून आणता येईल. नोव्हेंबर हा फिलिपिन्सचा बालक महिना. त्या महिन्यात स्थानिक प्रमुखाने आपल्या हद्दीतल्या मुलांच्या स्थितीचा अहवाल लोकांसमोर वाचायचा असतो. नागपूरच्या सभागृहात १४ नोव्हेंबरच्या आसपास असा अहवाल मांडायला आयुक्तांच्या अधिकारांना धक्का लागत नाही. त्यात आकडे पाचच असावेत, प्रभागनिहाय: जन्मनोंद न झालेली मुलं, अतितीव्र कुपोषित मुलं, मनपा शाळांतून वर्षभरात गळालेली मुलं, बालकल्याण समितीसमोर आलेली मुलं, आणि त्यांतली किती घर पाहूनच घरी पाठवली गेली. पाचवा आकडा देताना अधिकाऱ्यांची धांदल उडेल. तो आधी मागावा.